विंडोजची मुदत संपल्यावर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी कोणाच्याही घरचा कॉम्प्युटर बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी तो रोजच्यासारखाच सुरू झाला, त्यावर अर्ज लिहिले गेले, मुलांचे प्रोजेक्ट छापले गेले. त्यामुळे पुष्कळ घरांत या तारखेची दखलही घेतली गेली नाही. थांबले ते एवढेच, की दर महिन्याला न सांगता येऊन बसणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या यायच्या बंद झाल्या.

त्या न आल्याने काय बिघडते, हे २०१७ साली दिसले. मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम विंडोजच्या फाइल-देवाणघेवाणीतल्या एका छिद्रातून शिरला आणि जगभरच्या कॉम्प्युटरमधल्या फाइली त्याने कुलूपबंद केल्या. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ते छिद्र बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण असंख्य यंत्रांवर ती बसवलेलीच नव्हती. जूनच्या २७ तारखेला नॉटपेट्या आला. तेच छिद्र आणि जोडीला आणखी वाटा वापरून त्याने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जाळे पाडले आणि तिच्याच समूहाकडे चालवायला असलेल्या न्हावा-शेव्याच्या गेटवे टर्मिनलवर कंटेनरची चढउतार खोळंबली. पनवेल-उरणच्या रस्त्यावरून धावणाऱ्या ट्रकचा आणि विंडोजच्या दुरुस्तीचा संबंध असा आहे.

मग विंडोज ११ का घेऊ नये? ज्यांचा कॉम्प्युटर ते घेऊ शकतो त्यांनी जरूर घ्यावे, त्यांच्यासाठी हे प्रकरण नाही. पण ५ ऑक्टोबर २०२१ ला आलेल्या या आवृत्तीने अटी कडक केल्या. मदरबोर्डवर टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. म्हणजे २०१६ साली घेतलेला, सहाव्या पिढीचा आय-५ आणि ८ जीबी रॅम असलेला लॅपटॉप, जो आजही व्हिडिओ, हिशेब, पत्रे सगळे बिनतक्रार करतो, तो एका अटीपायी बाद ठरतो. यंत्र धडधाकट असताना त्याला भंगाराची वाट दाखवणे मला पटत नाही आणि ते करण्याची गरजही नाही.

सोपे पर्याय आधी उरकून घेऊ. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने दुरुस्त्यांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली. त्याने वर्षभराची उसंत मिळते, प्रश्न सुटत नाही. रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने विंडोज ११ ची अट-तपासणी वगळून ते जुन्या यंत्रावर बसवता येते, पण अशा यंत्राला अद्ययावत दुरुस्त्या मिळण्याचा हक्क नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट म्हटले आहे. फक्त ब्राउझरच लागत असेल तर गूगलचे क्रोमओएस फ्लेक्स मोफत आहे. त्यावर प्ले स्टोअरची ॲप चालत नाहीत, हे आधीच लक्षात घ्यावे.

आता मागे जाण्याचा पर्याय. ‘यापेक्षा विंडोज ७ च बरे होते’ असे म्हणणारे घरोघरी आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. मागे जाण्याला इतिहासही आहे. २००७ च्या सुरुवातीला व्हिस्टा आले, ते त्या काळच्या साध्या कॉम्प्युटरना झेपेना आणि लोक नवे यंत्र घेऊन त्यावर पुन्हा एक्सपी टाकून घेऊ लागले. व्हिस्टाच्या बिझनेस परवान्यात तसा हक्कही होता. तेव्हाचे ते मागे जाणे शहाणपणाचे होते, कारण एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्ट करत होते आणि पुढे ८ एप्रिल २०१४ पर्यंत करत राहिले. आज विंडोज ७ कडे जाणे निराळे. त्याची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली आणि २०२३ च्या आरंभी आलेली १०९ वी आवृत्ती हे त्यावरचे शेवटचे क्रोम. एक्सपीची स्थिती त्याहून वाईट. आजच्या बँकांची संकेतस्थळे ज्या सुरक्षित जोडणीचा आग्रह धरतात ती एक्सपीच्या मूळ ब्राउझरला समजतच नाही, त्यामुळे पान उघडायलाच नकार मिळतो. इंटरनेटला जोडलेल्या घरच्या कॉम्प्युटरवर आज जुनी विंडोज टाकू नये, हे माझे ठाम मत आहे. जुन्या विंडोजला एकच योग्य जागा उरते, तिच्याकडे पुढे येऊ.

उरला लिनक्स. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस तोरवाल्ड्सने आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितो आहोत, असे जाहीर केले. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ पासून चालवलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने आणि तोरवाल्ड्सचा गाभा एकत्र आले, दोन्ही मुक्त परवान्याखाली, म्हणजे कोणीही वापरावे, वाटावे, बदलावे अशा अटीवर. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो. भारतात गेली कित्येक वर्षे स्वस्त लॅपटॉप ‘डॉस’ किंवा उबुंटू टाकून विकले जातात, कारण विंडोजच्या परवान्याचे पैसे वाचतात. घरी नेण्याआधीच दुकानदार ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो’ म्हणतो आणि बिनपरवान्याची प्रत बसते, सोबत क्रॅक करणारा एखादा अनोळखी प्रोग्रॅमही. त्या प्रोग्रॅमच्या पोटात काय आहे हे दुकानदारालाही माहीत नसते. ज्या कॉम्प्युटरवरून आपण बँकेचे व्यवहार करतो त्याचा पायाच असा असणे मला लिनक्स शिकण्याच्या कष्टापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचे वाटते.

लिनक्सची शेकडो रूपे आहेत आणि नवख्या माणसाचा पहिला महिना त्यांतली निवड करण्यातच जातो. तो घालवू नका. विंडोजची सवय असलेल्या घरासाठी लिनक्स मिंट घ्यावे. क्लेमाँ लफेव्र यांनी २००६ साली ते सुरू केले. डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ अशी त्याची मांडणी असल्याने घरातल्या वडीलधाऱ्यांनाही ते परके वाटत नाही. जुलै २०२४ मध्ये आलेल्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. ४ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर सिनॅमन हे रूप घ्या, त्याहून कमी असेल तर एक्सएफसीई हे हलके रूप. ३२ बिटचे अगदी पुरातन यंत्र असेल तर मात्र त्याचा नाद सोडावा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही तशा यंत्रांवर बसवण्याची सोय काढून टाकली आहे.

आणि काहीही करण्याआधी हार्ड डिस्क बघा. फिरणारी जुनी डिस्क असेल तर तिच्या जागी २५० जीबीच्या आसपासची एसएसडी बसवा. जुना कॉम्प्युटर रखडतो तो बहुतेक वेळा प्रोसेसरमुळे नव्हे, या डिस्कमुळे, आणि कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम तिची गती वाढवू शकत नाही. दुसरा फायदा असा, की काढलेली जुनी डिस्क जशीच्या तशी कपाटात ठेवता येते. काही चुकलेच तर सगळा माल तिच्यावर शाबूत असतो.

आता खरे काम, म्हणजे घरात काय काय आहे याची यादी. इथे मराठी घराचा एक खास प्रश्न येतो, जो इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत सापडणार नाही. आपल्याकडे १९९० पासून पुढची वीसेक वर्षे मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप झाला. हे फॉन्ट युनिकोडच्या नियमाने चालत नाहीत. कृतिदेवमध्ये ‘कमल’ टाइप केले तर फाइलमध्ये प्रत्यक्षात डी, ई आणि वाय ही तीन रोमन अक्षरे साठतात. फॉन्ट फक्त त्या अक्षरांच्या जागी क, म, ल यांची चित्रे दाखवतो. फॉन्ट नसेल तेव्हा आजोबांचे टाइप केलेले आत्मचरित्र रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग होऊन बसते. लोक घाबरतात, फाइल बिघडली म्हणतात. ती बिघडलेली नसते, तिचा फॉन्ट मागे राहिलेला असतो.

यावर उपाय तीन आणि ते विंडोज चालू असतानाच करायचे. पहिला, अशा प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ करून ठेवणे. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधला जातो, त्यामुळे ती कुठेही तशीच दिसते. दुसरा, विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून ते फॉन्ट पेन ड्राइव्हवर उतरवून घेणे. ट्रूटाइप फॉन्ट लिनक्सवरही बसतात आणि जुना मजकूर पुन्हा वाचता येतो. तिसरा उपाय सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत मोलाचा, तो म्हणजे फॉन्ट-परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणणे. परिवर्तनानंतर वाचून तपासणे भाग असते. रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी या ठिकाणी चुका राहतात, कारण जुन्या फॉन्टांत वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते. पण हे एकदा केले की तो मजकूर शोधता येतो, फोनवर वाचता येतो आणि पुढच्या कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमवर टिकतो. पानजुळणीच्या पेजमेकरमधल्या फाइली असतील तर लिनक्सवरचे लिबरऑफिस हे मोफत ऑफिस-सॉफ्टवेअर त्या उघडण्याचा प्रयत्न करते, मात्र पानाच्या मांडणीचा भरवसा धरू नये. तिथे पीडीएफच हवी.

यादीतली दुसरी गोष्ट प्रिंटर. एचपीच्या बहुतेक प्रिंटरसाठी लिनक्सवर तयार सोय असते आणि अलीकडचे वायफाय प्रिंटर तर ड्रायव्हरशिवायच ओळखले जातात. अडचण येते ती कॅननच्या एलबीपी २९०० सारख्या मॉडेलला, जे आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या टेबलापर्यंत सगळीकडे दिसते. पोस्टस्क्रिप्टसारखी सर्वमान्य भाषा त्याला समजत नाही, कॅप्ट नावाची कंपनीची स्वतःची भाषा लागते. लिनक्सवर तो चालवता येतो, पण खटपट बरीच आहे. आपला प्रिंटर कोणता, हे आधी बघून ठेवलेले बरे.

तिसरी गोष्ट, ज्याच्यावाचून अडेल असा प्रोग्रॅम. हिशेबाचे टॅली विंडोजसाठी आहे. डिजिटल सहीच्या डोंगलचे काम ज्या संकेतस्थळावर चालते तिथली सही-प्रणाली लिनक्सवर चालते का, हे तपासल्याशिवाय पाऊल उचलू नये. ज्यांचा चरितार्थ टॅलीवर, डीटीपीवर किंवा डोंगलवर आहे, त्यांनी त्या यंत्राला हात लावू नये. घरचे दुसरे यंत्र बदलावे.

यादी झाली की पुढचे काम एका दुपारचे. मिंटची आयएसओ फाइल साधारण ३ जीबीची असते. ती अधिकृत संकेतस्थळावरून उतरवावी आणि सोबत दिलेला पडताळणीचा आकडा जुळवून पाहावा. हा उगाच सोवळेपणा नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी झाली होती आणि उतरवणाऱ्यांना चोरदरवाजा असलेली फाइल मिळत होती.  मग रूफस किंवा बलेनाएचर वापरून ती फाइल ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवावी. नुसती कॉपी करून चालत नाही.

विंडोजमध्ये आणखी दोन गोष्टी बघून घ्याव्यात. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते आणि तिच्या ड्राइव्हवर लिनक्सला सुरक्षितपणे लिहिता येत नाही. आणि डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. ती नसेल तर कुलूपबंद डिस्कवरचे फोटो कोणालाही परत मिळवता येणार नाहीत.

पेन ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू करताना डेल आणि लेनोव्होवर एफ १२, एचपीवर एफ ९ दाबत राहिले की कशावरून सुरू करायचे ते विचारले जाते. पेन ड्राइव्ह निवडला की दोन-तीन मिनिटांत मिंट समोर येते. अजून काहीही बसवलेले नसते, सगळे पेन ड्राइव्हवरून चालू असते. इथे घाई करू नका. वायफाय जोडा, व्हिडिओ लावून आवाज ऐका, कॅमेरा उघडा, प्रिंटरवर एक पान काढा, लॅपटॉप मिटून पुन्हा उघडा. जे इथे चालले ते बसवल्यावरही चालेल. जे चालले नाही त्याचा उपाय शोधूनच पुढे जा. विंडोज अजून जागेवर असल्याने मागे फिरायला काही लागत नाही.

बसवताना एका पडद्यावर दोन मुख्य पर्याय येतात. विंडोजच्या शेजारी बसवा, किंवा डिस्क पुसून बसवा. सारा धोका या एका ठिकाणी आहे. आपल्याकडे दुकानदार डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे करून देतात आणि ‘फॉरमॅट मारला तरी फक्त सी जाते, डी-ई मधले राहते’ हे वर्षानुवर्षे ऐकून लोकांच्या डोक्यात पक्के बसले आहे. मिंटचा ‘डिस्क पुसा’ हा पर्याय सी पुसत नाही, पूर्ण डिस्क पुसतो. ई ड्राइव्हमधले लग्नाचे फोटो, मुलांचे पहिल्या वाढदिवसाचे व्हिडिओ, घराच्या कागदपत्रांचे स्कॅन सगळे त्यात जाते. म्हणून बाहेरच्या डिस्कवर प्रत काढल्याशिवाय आणि त्या प्रतीतले चार फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिल्याशिवाय या पडद्यापर्यंत येऊच नये. विंडोज असलेली डिस्कच वापरायची असेल तर नव्या माणसाने पहिल्यांदा शेजारी बसवण्याचा पर्याय घ्यावा. कॉम्प्युटर सुरू करताना मिंट की विंडोज असे विचारले जाते आणि बिचकणाऱ्याला परतीचा रस्ता राहतो. असा दुहेरी संसार करताना मुदत संपलेल्या विंडोजमध्ये गेल्यावर इंटरनेट वापरू नये.

बसल्यावर पहिले काम मराठी कळफलकाचे. सेटिंगमध्ये कीबोर्डच्या मांडण्यांत भारतीय भाषांखाली मराठी सापडते. एक इनस्क्रिप्टची सुधारित मांडणी, दुसरी उच्चाराप्रमाणे चालणारी. इनस्क्रिप्ट ही भारत सरकारने प्रमाण ठरवलेली मांडणी सर्व ऑपरेटिंग सिस्टीमवर सारखीच असते. ती एकदा बोटांत बसली की पुढे काहीही बदलले तरी टायपिंग पुन्हा शिकावे लागत नाही. मला तिचे सर्वांत आवडते ते तिने मराठीची ठेवलेली बूज. ‘दुसऱ्या’ लिहायचे असेल तर साध्या ‘र’ ऐवजी त्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ऱ’ घ्यायचा, मग हलन्त, मग ‘य’ आणि काना, की नेमका अर्धचंद्री र उमटतो. ‘आचार्य’ला साधा ‘र’, ‘दुसऱ्या’ला ‘ऱ’.

लिबरऑफिसमध्येही एक सेटिंग बदलावे. भाषेच्या पर्यायांत ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’पुढे मराठी निवडावी, हिंदी नव्हे. फॉन्टात सोय असेल तर त्याने पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणे आपोआप येतात. नोटोच्या आणि रेड हॅटच्या लोहितच्या देवनागरी फॉन्टांत ही सोय आहे. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता हा देखणा फॉन्टही मुक्त परवान्याचा आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीचे फॉन्ट वापरले तर तिथे चौकोन दिसेल.

त्यानंतर ‘टाइमशिफ्ट’ सुरू करून व्यवस्थेची एक नोंद काढून ठेवावी, म्हणजे काही बिघडले तर त्या क्षणाला परतता येते. त्यात घरच्या फाइली येत नाहीत, त्यांची प्रत वेगळीच काढावी लागते. प्रोग्रॅम शोधायचे ते मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून, वाटेल त्या संकेतस्थळावरून नव्हे. लिनक्सवर कोणी हल्ला करूच शकत नाही, हे काही खरे नाही. अद्ययावत करण्याची खूण दिसली की करून टाकावे.

जुन्या विंडोजला उरलेली एकच जागा ती इथे. एखादे जुने अक्षरजुळणीचे किंवा कुंडलीचे सॉफ्टवेअर चालवायचेच असेल, तर मिंटवर व्हर्च्युअलबॉक्स बसवून त्याच्या आत परवान्याची विंडोज ७ किंवा एक्सपी चालवता येते. तिचे नेटवर्क सेटिंगमध्ये पूर्ण बंद ठेवावे. कॉम्प्युटरच्या पोटातला हा बंदिस्त कॉम्प्युटर इंटरनेटला दिसतच नाही, त्यामुळे आजोबांची पेजमेकर फाइल उघडून पीडीएफ काढण्यापुरता तो निर्धोक आहे. यासाठी ८ जीबी रॅम असलेली बरी.

एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. फायरफॉक्स मराठीत मिळते. रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयाने एके काळी लिनक्सच्या मराठीकरणावर मोठी मेहनत घेतली. पुढे प्रोग्रॅम वाढत गेले, भाषांतर त्या गतीने वाढले नाही. आज मिंटची भाषा मराठी केली तर मेनूतल्या काही ओळी मराठीत आणि उरलेल्या इंग्रजीत दिसतात. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांच्यासाठी ही भिंत आहे. मिंटची भाषांतरे लाँचपॅड या संकेतस्थळावर होतात, तिथे खाते उघडून कोणालाही सूचना पाठवता येतात आणि त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. मिंट बसवून तुम्ही त्यावर रुळलात, तर तुम्हाला रोज दिसणाऱ्या इंग्रजी ओळींपैकी काही ओळी तरी मराठीत करून तिथे पाठवा.